गच्चीवरची हजेरी

पुण्यात आमच्या गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. गेल्या वर्षी मी एक उद्योग केला. रोज सकाळी पाणी घालताना कोणकोणत्या झाडाला फूल आलं आहे ते पाहायचं आणि दिनदर्शिकेत त्या तारखेच्या चौकटीत त्याचं नाव लिहायचं. डिसेंबरअखेर पानं उलटून मोजदाद केली, तेव्हा माझी चांगलीच फजिती झाली. ज्या गुलाबावर सर्वांत जास्त पैसे आणि शेणखत घातलं, त्याचं नाव वर्षभरात अकरा वेळा! पावसाळ्यात पानांवर काळे ठिपके पडले, पानं गळाली आणि उरल्या नुसत्या काड्या.

पहिला नंबर सदाफुलीचा. तिला मी आणलंही नव्हतं. कठड्याच्या फटीत आपली आपण उगवली. मे महिन्यात आम्ही आठ दिवस कोकणात गेलो. परत आलो तर तुळससुद्धा मान टाकून बसलेली, ही मात्र फुललेली. मूळची ही मादागास्कर बेटावरची. कर्करोगावरची औषधं हिच्यापासून मिळतात, पण म्हणून कुणी घरी तिची पानं चावू नयेत. झाड विषारी आहे. हिला मारायचा खात्रीचा उपाय म्हणजे भरपूर पाणी. एक रोप कौतुकानं कुंडीत लावलं आणि रोज पाणी घालून मुळासकट कुजवलं.

मोगऱ्याचं उलट. जानेवारीत त्याचं पाणी तोडलं, छाटणी केली, मग खत घालून पाणी सुरू केलं. मार्चअखेर ओंजळभर कळ्या.

पण मला खरं सांगायचं आहे ते शेवंतीबद्दल. साताऱ्याच्या घरी आईच्या अंगणात पिवळी शेवंती होती. आई गेली, घर विकलं, तेव्हा तिथल्या चार काश्या मी कागदात गुंडाळून आणल्या. झाड वाढलं छान, पण सलग दोन वर्षं एक कळी नाही. माती बदलली, खत बदललं. शेवटी काढून टाकायचं ठरवलं. घरात त्यावरून अबोलाही झाला.

त्याच सुमारास मार्केट यार्डात फुलं घेऊन आलेल्या एका शेतकऱ्याला सहज विचारलं. त्यानं उलट मलाच विचारलं, "काका, रात्री झाडावर दिवा असतो का?" असतो! पाण्याच्या टाकीजवळ रात्रभर जळणारा दिवा चोरांच्या भीतीनं मीच लावून घेतला होता. शेवंतीला कळी धरायला लांब, अंधारी रात्र लागते. फुलं उशिरा हवी असतील तर शेतकरी मुद्दाम शेतात रात्री दिवे लावतात, हेही त्यानंच सांगितलं.

ऑगस्टअखेर कुंडी उचलून टाकीच्या पलीकडे अंधारात ठेवली. ऑक्टोबरमध्ये टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या दिसल्या. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या गुरुवारी घटाला बाजारातून फुलं आणावी लागली नाहीत. बायको काही बोलली नाही. दोन फुलं तेवढी आईच्या फोटोपुढे ठेवून आली.

दिनदर्शिकेत शेवंतीचं नाव फक्त बावीस दिवस आहे. पण यंदा तिच्या काश्या नऊ कुंड्यांत लावल्या आहेत. त्यांतल्या दोन शेजाऱ्यांनी आधीच मागून ठेवल्यात. त्यांच्या गच्चीवरही दिवा आहे, तो कुठल्या बाजूला आहे ते पाहून मगच देणार आहे.