गल्लीचा दोर आणि घराचा उंबरठा



वस्तीत खून पडला, की पोलीस येतात, गल्लीच्या तोंडाशी दोर बांधतात आणि कोणासही आत-बाहेर जाऊ देत नाहीत. अशा वेळी आपण एक तर मुकाट्याने सर्व सोसतो, नाही तर संतापून दोर तोडतो. दोहोंचीही फळे मी न्यायालयात पाहिली आहेत.

रक्ताचे डाग व पावलांचे ठसे पुसले जाऊ नयेत म्हणून गुन्ह्याची जागा अडविणे योग्यच आहे. मेलेला मनुष्य आपला असेल, तर तो दोर आपल्याच न्यायासाठी आहे. तो ओलांडाल, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा अंगावर येईल.

पण तो किती दिवस राहावा? इंग्लंडात 2000 सालच्या दहशतवादविषयक कायद्याने अशा वेढ्याला प्रथम 14 दिवसांची व वाढवून एकूण 28 दिवसांची मर्यादा घातली. तोंडी हुकूम लवकरात लवकर लेखी करावा लागतो. आपल्याकडे 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत वेढ्याला अशी मुदत नाही. ही उणीव मला मोठी वाटते. रोजंदारीवरच्या माणसाला दोन दिवस अडविले, की त्याची चूल विझते.

मात्र गल्लीला वेढा पडला म्हणून प्रत्येक घराचे दार उघडे झाले, असे नव्हे. आरोपी घरात शिरला असेल, तर त्यास धरण्यासाठी पोलीस आत येऊ शकतात. परंतु वॉरंटाशिवाय वस्तूंची झडती घ्यावयाची, तर कलम 185 प्रमाणे अधिकाऱ्याने आधी कारणे लिहून ठेविली पाहिजेत व झडतीचे चित्रीकरण केले पाहिजे. पंच शक्यतो त्याच वस्तीतील, निःपक्षपाती असावेत. झडतीच्या वेळी घरच्यांना हजर राहू द्यावे लागते. स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच घ्यावयाची. नुसती पाळत ठेवण्यासाठी रात्री-अपरात्री घरात शिरणे तर सर्वोच्च न्यायालयाने खडकसिंगाच्या खटल्यात 1962 सालीच घटनाबाह्य ठरविले आहे.

कोऱ्या पंचनाम्यावर सही करू नका. जप्त मालाच्या यादीची प्रत जागेवरच मागा. लिहिलेली कारणे 48 तासांच्या आत दंडाधिकाऱ्याकडे जातात. घरमालकाने अथवा राहणाऱ्याने अर्ज केल्यास त्यांची नक्कल विनामूल्य मिळते.

एका विधवा भगिनीने यादीची प्रत जपून ठेविली होती. वस्ती माणसांनी भरलेली असताना दोन्ही पंच परगावचे होते, एवढे त्या कागदामुळेच मला न्यायाधीशांपुढे दाखविता आले.