आतलं कुठं गेलं?

(झावळ्यांच्या रविवारी परभणी येथे भगिनींच्या सभेत केलेले भाषण)



पुढच्या रविवारी पुनरुत्थानाचा सण. मुलांना सुट्टीत अंडी कशी रंगवायला लावावीत ते सांगा, असं मला सांगितलं होतं. ते सांगतेच. पण आधी माझी चूक सांगते.

गेल्या ईस्टरला मी नातीबरोबर घरी अंडी रंगवली होती. दोन्ही टोकांना सुईनं भोक पाडायचं, फुंकर मारून आतलं वाटीत काढायचं आणि रिकामं टरफल रंगवायचं. टरफल रिकामं तशी कबर रिकामी, हा धडा मला फार आवडला. त्याच आठवड्यात जिंतूर तालुक्यातल्या एका आंध वस्तीवर आमची भेट होती. तिथली बरीच कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. कारखान्याचा पट्टा पडला होता आणि लेकरं नुकतीच कोपीतून घरी परतली होती. मी दोन ट्रे अंडी नेली आणि तोच धडा तिथं घेतला.

सात-आठ वर्षांची एक मुलगी रंगवलेलं अंडं कानाशी हलवून बघत होती. मला म्हणाली, "बाई, आतलं कुठं गेलं?"

मी कबरेचं सांगू लागले. ती ऐकत होती, पण तिची नजर पातेल्याकडं होती. साठ अंड्यांचं आतलं त्या पातेल्यात उन्हात पडलं होतं. बोलण्याच्या भरात मी ते विसरले होते. दुपारी वास आला तेव्हा ओतून द्यावं लागलं. त्या मुलीनं आपलं टरफल ओढणीच्या टोकात बांधून घेतलं होतं, धाकट्या भावाला द्यायला. मला तिच्याकडं बघवेना.

शाळेच्या पोषण आहारात 2023 च्या अखेरीस आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी 2025 मध्ये सरकारनं त्याचा निधी थांबवला. आणि फडावर गेलेल्या लेकरांच्या वाट्याला तेही कधी नव्हतंच.

घरी येऊन मी वाचत बसले. ईस्टर आणि अंडं एकत्र आलं ते उपवासामुळं. जुन्या काळी युरोपात चाळीस दिवसांच्या उपवासात अंडी वर्ज्य होती. कोंबड्यांना उपवास कुठला? अंडी साठत जायची आणि सणाला वाटली जायची. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या 1290 सालच्या घरखर्चात ईस्टरच्या 450 अंड्यांचा हिशेब आहे, अठरा पेन्सचा. ग्रीक मंडळ्यांत आजही अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून. तीही उकडलेली असतात. एकमेकांच्या अंड्यावर आपटून फोडायची आणि खायची.

आता कृती. बाजारातले चकचकीत रंग आणू नका, ते टरफलातून आत उतरतात. आठ-दहा कांद्यांची वाळकी सालं अर्धा तास पाण्यात उकळा, गार करून गाळा, चमचाभर व्हिनेगर घाला. कोथिंबिरीचं किंवा शेवग्याचं पान ओलं करून अंड्यावर चिकटवा. वरून जुन्या ओढणीचा पातळ तुकडा घट्ट गुंडाळून दोऱ्यानं बांधा. मग त्या पाण्यात ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं उकडा. कापड सोडलं की तांबूस अंड्यावर पानाची फिकट नक्षी उमटलेली दिसते. पिवळा हवा तर सालांऐवजी हळद. पांढऱ्या अंड्यावर नक्षी उठून दिसते, गावरान अंड्यावर रंग गडद येतो. तेलाचं बोट फिरवलं की चमक येते. मुलांना पान निवडू द्या आणि बांधू द्या. वेडंवाकडं झालं तरी सोडवून नीट करायला जाऊ नका, मीच केलं होतं आणि नात रुसली.

एक लक्षात ठेवा. आपल्या उन्हात उकडलेलं अंडं तासाभराच्या वर बाहेर ठेवू नका. अंगणात अंडी लपवून शोधायचा खेळ आपल्याकडं आला आहे, पण त्यासाठी कागदाची अंडी करा. खरं अंडं ताटात.

टरफलंही फेकू नका. धुऊन, वाळवून बारीक तुकडे करा आणि जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर खळीनं चिकटवा. लहान मूलसुद्धा क्रूस किंवा उगवता सूर्य करू शकतं.

मागच्या महिन्यात शेजारच्या वाडीवर असं करून पाहिलं. लेकरांनी नक्षी दोन मिनिटं न्याहाळली, मग अंडी कपाळावर आपटून फोडली आणि खाल्ली. मीठ मी विसरले होते. एक म्हातारी आजी घरातून घेऊन आली.

येत्या शनिवारी आम्ही त्या पहिल्या वस्तीवर जाणार आहोत. सालं पुष्कळ लागतील. घरची आणाच, पण मोंढ्यातल्या कांदेवाल्यांकडं मागितली तर ते पिशवीभर फुकट देतात. शुक्रवारच्या उपासनेनंतर माझ्याकडं द्या. अंडी ज्याला जमतील त्यानं द्यावीत. या वेळी घरी राहिलेल्या धाकट्यांसाठीही वेगळी मोजली आहेत. आणि मीठ कोणीतरी लक्षात ठेवा.