आण, आणि दे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

कवीला रेडिओवर बोलावतात ते बहुधा कवितेबद्दल बोलायला. मी आज कुत्र्याबद्दल बोलणार आहे. तेव्हा आधीच माफी मागून ठेवतो.

तीन वर्षांपूर्वी लातूरकडच्या माझ्या मामूंनी वयोमानामुळे मेंढरं विकली आणि शेत वाट्यानं दिलं. मागे उरला चार वर्षांचा कारवानी कुत्रा, राजा. मामू म्हणाले, "बाबा, रान सुटलं, आता याला खुंट्याला बांधून काय करू? तू घेऊन जा." मामूंच्या घरचं मीठ मी लहानपणी खाल्लेलं. नाही म्हणवेना. राजा डोंबिवलीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आला.

कारवानी म्हणजे लांब तोंडाचा, पोट आत ओढलेला, वाऱ्यासारखा पळणारा कुत्रा. मुधोळ हाऊंड याच्याच नात्यातला. 2005 साली टपाल खात्यानं त्याचं तिकीटही काढलं. हा वासावर नाही, नजरेवर शिकार करतो. पूर्वी ससा उठला की हा सुटायचा, धरायचा आणि तिथेच थांबायचा. माणूस धापा टाकत त्याच्यापर्यंत जायचा. 1972 साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा आला, पुढे तो कडक होत गेला. आज कुत्र्याकडून ससा धरवणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. पण कायदा कुत्र्याच्या रक्ताला कोण समजावणार?

शेजारी विचारत, "तुमच्यात कुत्रा चालतो का हो?" पुष्कळ घरांत ठेवत नाहीत, हे खरं. पण राखणीच्या, मेंढरांच्या आणि शिकारीच्या कुत्र्याला पूर्वीपासून मोकळीक आहे. कुराणाच्या पाचव्या सूरेत शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख येतो. त्यांनी तुमच्यासाठी धरून ठेवलेलं खाण्याची परवानगी आहे. हदीसमध्ये त्याचा खुलासा आहे: कुत्र्यानं त्यातलं खाल्लं, तर ते त्यानं स्वतःसाठी धरलं असं समजावं. लहानपणी मला हा नुसता खाण्यापिण्याचा नियम वाटायचा. राजा आल्यावर कळलं, की 'माझ्यासाठी' आणि 'तुझ्यासाठी' यातला फरक कुत्र्याला शिकवावा लागतो.

कारण पहिल्याच महिन्यात त्यानं जिन्यातून एका मुलाचा बूट उचलला. मुलाच्या वडिलांनी बूट ओढला. राजा गुरगुरला. चावला नाही, पण गुरगुरला. सोसायटीच्या बैठकीत ठरलं: पुन्हा असं झालं तर कुत्रा हलवायचा. हलवायचा कुठे? मामूंकडे परत जागा नव्हती.

मग मी शिकायला बसलो. आधी समजलं ते हे, की मी त्याच्याकडे मागत होतो ते त्याच्या खानदानात नव्हतं. लॅब्रॅडॉरसारखी कुत्री न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून ब्रिटनमध्ये घडवली गेली. बंदुकीनं पाडलेला पक्षी पाण्यातून अलगद तोंडात धरून आणायचा, हे त्यांचं कामच. आमच्या राजाचे पूर्वज निवडले गेले ते पळण्यासाठी आणि पकडण्यासाठी. आणून देण्यासाठी नव्हे. त्यात तो चार वर्षांचा. पिल्लाची पाटी कोरी असते. मोठ्या कुत्र्याच्या पाटीवर आधीच बरंच लिहिलेलं असतं, आणि त्यातलं काही माणसाच्या हातच्या काठीनं लिहिलेलं असतं.

आपण सुरुवात करतो फेकण्यापासून. ती शेवटची पायरी आहे. पहिली पायरी म्हणजे 'दे'. जुन्या मोज्यात चिंध्या भरून मी एक वळकटी केली. ती राजाच्या तोंडात असताना उकडलेल्या कलेजीचा तुकडा नाकापुढे धरायचा. तोंड सुटलं की कलेजी द्यायची आणि लगेच वळकटीही परत त्यालाच द्यायची. सारी मेख या परत देण्यात आहे. दिलं म्हणजे गेलं, असा त्याचा आजवरचा अनुभव. दिलं तरी परत मिळतं, हे त्याला पटायला तीन आठवडे लागले. मग तोंड सुटण्याच्या आधी 'दे' हा शब्द आला. एकदाच म्हणायचा. दहादा म्हटलं तर कुत्रा दहाव्या वेळेची वाट बघायला शिकतो.

दुसरी पायरी, तोंडात शांतपणे धरून ठेवणं. आधी एक सेकंद, मग दोन, मग पाच. तिसरी, धरून माझ्याकडे येणं. आधी एकच पाऊल. घरातला अरुंद पॅसेज इथे उपयोगी पडला, कारण पळून जायला दुसरी वाटच नव्हती. आणि मग फेकणं, तेही दोन फुटांवर. रोज दोनदा, पाच-पाच मिनिटं. त्याला आणखी हवं असतानाच थांबायचं.

पॅसेजमध्ये जमलेलं गच्चीवर जमेना. गच्चीवरचं मैदानात जमेना. तेव्हा कळलं, की कुत्र्यासाठी प्रत्येक जागा नवा धडा असतो. जागा बदलली की अंतर पुन्हा दोन फुटांवर आणायचं. मोकळ्यावर लांब सुती दोर बांधायचा. ओढायला नव्हे, पळापळीचा खेळ होऊ नये म्हणून.

एकदा मी दोर घरी विसरलो. राजा वळकटी घेऊन मैदानभर पळाला, मी मागे. लोक हसत होते. शेवटी तो आपणहून जवळ आला आणि मी रागानं त्याच्या पाठीत एक दिली. माझ्या हिशेबी ती पळाल्याची शिक्षा होती. त्याच्या हिशेबी ती जवळ आल्याची होती. पुढचे आठ दिवस तो हाताच्या अंतरावर येईना. दोन महिन्यांची कमाई मी एका फटक्यात घालवली आणि पुन्हा पॅसेजपासून सुरुवात केली.

गेल्या पावसाळ्यात पहाटे आम्ही पश्चिमेला रेतीबंदरकडे निघालो होतो. दोर ढिला होता. गटाराच्या कडेला राजानं काहीतरी उचललं. बघतो तर मेलेली घूस. आजूबाजूच्या इमारतींत विष ठेवलेलं मला ठाऊक होतं. दोर हातातून निसटला आणि तो पंधरा फुटांवर जाऊन उभा राहिला. खिशात कलेजी नाही, काही नाही. धावलो तर तो पळणार किंवा घाईनं गिळणार. मी ओल्या रस्त्यावर उकिडवा बसलो, तोंड थोडं बाजूला वळवलं आणि एकदाच म्हणालो, "राजा, आण."

तो बघत राहिला. मग आला. माझ्या पायाशी उभा राहिला. "दे," म्हटलं. त्यानं घूस खाली ठेवली.

जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं, काही दिवस लक्ष ठेवायला सांगितलं. काही झालं नाही. घूस मात्र मी त्याला परत देऊ शकत नव्हतो. तेवढं देणं माझ्याकडे राहिलं. घरी येऊन फ्रिजमधली सगळी कलेजी त्याच्यापुढे ठेवली.

श्रोतेहो, तुमच्या घरी मोठा कुत्रा असेल आणि आज त्यानं तुमची चप्पल पळवली, तर एवढंच करा. मागे धावू नका. बदल्यात त्याला आवडेल असं काही हातात घ्या आणि खाली बसा. आणि तो आला, कितीही उशिरा आला, तरी रागावू नका.