संशोधकाची लांबची वाट



परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या कुटुंबांतील एखादी कन्या जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेटसाठी काम करू लागली, की तीन-चार वर्षांनी घरची मंडळी विचारू लागतात, ‘एखादे औषध सापडले का?’ प्रश्न मायेचा असतो. परंतु तो अवेळी विचारला, तर उमेद खचविणारा ठरतो. म्हणून आज आम्ही डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांची वाटचाल आपणांपुढे ठेवीत आहोत.

आंध्रातील भीमवरम येथे १८९५ साली त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. संग्रहणीसारख्या ‘स्प्रू’ या विकाराने बंधू दगावले. स्वतः सुब्बारावही त्याच दुखण्यातून कसेबसे बचावले. वैद्यकीय शिक्षण मद्रासला पुरे करून १९२३ साली ते बॉस्टनला पोहोचले. तेथे रुग्णालयात रात्रपाळीची हलकी कामे करून त्यांनी चरितार्थ चालविला.

हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासमवेत त्यांनी काय केले? शरीरद्रवांतील फॉस्फरस अचूक मोजण्याची रीत बसविली. ती १९२५ साली प्रसिद्ध झाली. त्या मोजमापातूनच स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन हाती लागले आणि पुढे पेशींना ऊर्जा पुरविणारे एटीपीही. १९३० साली डॉक्टरेट मिळाली, तेव्हा त्यांच्या नावावर एकही औषध नव्हते!

१९४० साली ते लेडर्ली या औषधसंस्थेत गेले. तेथे त्यांच्या सहकाऱ्यांनी फोलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार केले. ते स्प्रूवर गुणकारी ठरले. मग त्या आम्लाशी साम्य असलेला, परंतु पेशींची वाढ रोखणारा ॲमिनोप्टेरिन हा रेणू सिद्ध झाला. त्याच्या योगे रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या काही बालकांचा आजार तात्पुरता का होईना ओसरला, हे सिडनी फार्बर यांनी १९४८ साली दाखविले. त्याच कुळातील मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगावर आणि संधिवातावर दिले जाते. हत्तीरोगावरील डीईसी हे औषधही याच प्रयोगशाळेचे. पूर्व विदर्भातील गावांना त्याचे मोल ठाऊक आहे.

१९४८ सालीच, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव निवर्तले. मायदेशी परतणे त्यांना घडले नाही.

औषध हे झाडाचे फळ. अचूक मोजमाप हे त्याचे मूळ. मुळाशी खपणाऱ्या आपल्या मुलामुलींना मंडळाने आपुलकी द्यावी, घराने अवधी द्यावा, एवढीच आमची विनंती आहे.