कचेरीतले हसू आणि कागदाची भाषा
(शताब्दी समारंभातील भाषण)



सरकारी कचेरी ही मराठी विनोदाची जुनी आश्रयदाती आहे. खुर्चीवर टांगलेला कोट, जेवायला गेलेले साहेब आणि 'उद्या या' हे बारमाही उत्तर पुण्यात आहे तसे धारवाडातही आहे. परंतु बेळगाव-निपाणीच्या कचेरीत याहून निराळा एक विनोद नांदतो. तो भाषेचा विनोद आहे. आणि त्या हसण्याच्या तळाशी, हातातला कागद आपल्याला वाचता येत नाही, ही काळजी आहे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाजन आयोगाचा १९६७ सालचा अहवाल, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला दावा, हा पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. माणसे होती तिथेच राहिली, शेतेही तिथेच राहिली. बदलली ती कागदाची भाषा. १९६३ च्या कायद्याने कन्नड ही राज्याची राजभाषा झाली.

गंमत अशी की, भाषेवरून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचे कचेरीतले शब्द तिसऱ्याच घरचे आहेत. तहसीलदार, शिरस्तेदार, गुमास्ता हे दोन्ही भाषांत एकाच दिमाखाने वावरतात. मराठीत अर्ज, तर कन्नडात 'अर्जी'. इकडे रजा, तिकडे 'रजे'. इकडे राजीनामा, तिकडे 'राजीनामे'. शिवछत्रपतींनी सतराव्या शतकात राज्यव्यवहारकोश करवून घेतला, तरीही फारसी-अरबी शब्दांनी कचेरीतली आपली जागा सोडली नाही. कायम नोकरीचा महिमा तो हाच!

जे शब्द सारखे दिसतात तेच अधिक फसवतात. मराठी कारकून बदलीच्या गावी 'रुजू' होतो. म्हैसूरकडच्या कन्नडात 'रुजु' म्हणजे सही. 'इथे रुजु करा' असे ऐकल्यावर मराठी अर्जदाराला क्षणभर नोकरीच लागल्याचा भास व्हावा. मराठीत 'अनुमान' म्हणजे तर्क, कन्नडात संशय. 'साहेबांना अनुमान आहे' हे ऐकून अर्जदार साहेबांच्या बुद्धीचे कौतुक करीत बसतो, तोवर त्याचा अर्ज बाजूला पडलेला असतो.

अशा वेळी कचेरीतला खरा अधिकारी कोण, हे ज्याने त्याने ओळखावे. मंड्या-हासनकडून बदलून आलेल्या साहेबांना कायदा येतो. दारातल्या जवानाला भाषा येते. म्हातारा शेतकरी पाच मिनिटे आपली कर्मकहाणी सांगतो, जवान ती कन्नडात दोन वाक्यांत उरकतो, साहेब एक शब्द बोलतात आणि जवान त्याचे पुन्हा पाच मिनिटे निरूपण करतो. यात साहेबांना हसण्याचे कारण नाही. परमुलखात आलेला तोही बिचारा चहा मागण्यापुरते मराठी शिकत असतो.

उताऱ्याची कथा याहून गंभीर. गाव नमुना सात आणि बारा यांवरून पडलेले 'सातबारा' हे नाव दूधगंगेपलीकडच्या कागलात चालते. निपाणीत त्याच जमिनीच्या कागदाला 'पहाणी' म्हणतात. सन २००० च्या सुमारास 'भूमी' योजनेखाली हे उतारे संगणकावर गेले आणि ते कन्नडात मिळू लागले. देवनागरीतले नाव कन्नडात, तिथून इंग्रजीत आणि पुन्हा देवनागरीत येईपर्यंत जोतिबाचा ज्योतिबा होतो. मग एकच माणूस दोन नसून एकच आहे, असे शपथेवर लिहून द्यावे लागते. घरी या गोष्टीवर हसे पिकते. पण वाटणीच्या वेळी किंवा कर्जाच्या दारात तेच अक्षर आडवे येते.

कायदा याबाबत मुका नाही. संविधानाच्या ३५० व्या अनुच्छेदाने संघात अथवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरले. अर्ज मराठीत देता येतो, हे पुष्कळांना माहीतही नसते.

मात्र पलीकडे सारे सुगम आहे, अशा भ्रमातही राहू नये. महाराष्ट्राने १९६२ साली पदनाम कोश काढला, तेव्हा आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटले. मराठी राज्यातला मराठी कागदही मराठी माणसाला उलगडत नाही, असा अनुभव आजही येतो. तेव्हा कागद आपल्या भाषेत असावा हा आग्रह रास्तच. पण तो आपल्याला कळावा, हा त्याहून मोठा आग्रह आहे.

इथेच ग्रंथालयाचे काम सुरू होते. वाचनालयाच्या बाकावर वर्तमानपत्र चाळणाऱ्या गृहस्थापुढे कुणी खेडूत कन्नड नोटीस धरतो, आणि दोन्ही भाषा जाणणारा तो सभासद चष्मा सावरून ती त्याला मराठीत समजावून देतो. शंभर वर्षांत ग्रंथालयाने किती पुस्तके दिली, याचा हिशेब नोंदवहीत असतो. अशा वाचून दिलेल्या कागदांची नोंद कुठेच नसते. कचेरीवर हसणे सोपे आहे. परंतु ज्याला हातातला कागद कळला, तोच निर्धास्तपणे हसू शकतो. पुढच्या शंभर वर्षांत या गावातल्या अधिकाधिक माणसांना तसे हसता यावे, याहून मोठी शुभेच्छा ग्रंथालयाला कोणती द्यावी?