गरम चहा, गार पाणी आणि दातातलं सिमेंट



वाफाळता चहा संपला, की लगेच गार पाणी...
दातात भरलेल्या सिमेंटला हे रोज सोसावं लागतं.

गरम लागलं, की ते फुगतं.
गार लागलं, की आकसतं.
दातही फुगतो... पण थोडासाच.
दाताच्या रंगाचं कंपोझिट मात्र त्याहून बरंच जास्त फुगतं.
ग्लास आयोनोमर हे दुसरं सिमेंट बऱ्यापैकी दाताइतकंच फुगतं.

फुगण्यातला हा फरक रोज सिमेंटच्या कडेला ताण देतो.
मग बारीक फट पडू शकते.
फटीतून लाळ आणि जंतू आत शिरतात...
आणि भरलेला दात पुन्हा किडू शकतो.

म्हणूनच चाचणीसाठी प्रयोगशाळेत भरलेल्या दातांचे नमुने 5 आणि 55 अंशांच्या पाण्यात आळीपाळीनं बुडवतात.
हजारो वेळा!

पुन्हा सांगते...
दात आणि सिमेंट सारखे फुगले नाहीत, तर फट पडू शकते.

भरलेल्या दाताला गार-गरम झोंबू लागलं,
तर दंतवैद्यांना लवकर दाखवा.