बोथट गोळीचे कारण

अमेरिकेतील गुराख्यांच्या चित्रपटांतून एक बंदूक आपण पुष्कळदा पाहिली असेल. चापाभोवतीची कडी खाली ओढून वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर उडते आणि नवे काडतूस नळीत जाऊन बसते. हीच लिव्हर रायफल. बेंजामिन टायलर हेन्री याने १८६० साली तिचे पेटंट घेतले. पुढे विंचेस्टर कंपनीची १८७३ ची रायफल आणि जॉन ब्राउनिंगने रचलेली १८९४ ची रायफल घरोघर पोहोचली.

काडतुसात सर्वांत महाग वस्तू म्हणजे पितळी पुंगळी, आणि ती एका बाराने संपत नाही. जुनी टोपी काढून नवी बसवावी, दारू मोजून घालावी, वर गोळी दाबावी, की काडतूस पुन्हा सिद्ध. तेथील शिकारी हे काम घरच्या मेजावर करीत आले आहेत. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे काडतुसे बनविण्यास परवाना लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

या बंदुकीची काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक राहतात. मागच्याची गोळी पुढच्याच्या टोपीला टेकलेली असते. गोळी टोकदार असेल आणि बाराचा धक्का बसला, तर ते टोक टोपीवर खिळ्यासारखे आपटू शकते. मग काडतूस उडते ते नळीत नव्हे, तर नेम धरणाऱ्याच्या डाव्या हाताखाली! म्हणून येथे गोळी चपट्या किंवा बोथट नाकाची घ्यावयाची. टोकदार गोळी वारा अधिक चांगला कापते, हा मोह येथे सोडलाच पाहिजे. शिवाय स्प्रिंगच्या दाबाने गोळी पुंगळीत मागे सरकली तर आतली जागा कमी होऊन दाब बेसुमार वाढतो. यासाठी पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट वळवितात.

दारूची गोष्ट याहून नाजूक आहे. काळी दारू पुंगळी भरून टाकीत असे. तीत दुप्पट माप घालू म्हटले तरी मावत नसे. १८९५ साली .३०-३० हे काडतूस धूरविरहित दारूसह बाजारात आले. ही दारू बळाने मोठी, आकाराने लहान. हलके माप घेतले असेल तर पुंगळीत तेच माप चुकून दोनदाही मावू शकते. मोजणी ग्रेनमध्ये होते. एक ग्रेन म्हणजे आपल्या सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याच्या आसपास! जाणता माणूस दारूचे प्रमाण छापील कोष्टकातील किमान आकड्यापासून धरतो, मेजावर एका वेळी एकाच जातीची दारू ठेवतो, आणि गोळ्या बसविण्यापूर्वी दिवा धरून प्रत्येक पुंगळीत डोकावतो. बाजूला रेडिओ चालू नसावा, हे मी रेडिओवरूनच सांगतो आहे!

आणखी एक. १८९४ च्या रायफलीत खटक्याला अडसर बसतो तो मागच्या टोकाशी. त्यामुळे बाराच्या वेळी खटका किंचित लवतो, पितळ ताणले जाते, आणि काही वेळा भरल्यानंतर पुंगळीच्या बुडाशी आतून एक कड पातळ होते. ती बाहेरून दिसेलच असे नाही. टोक वाकवलेली तार आत फिरविली की खाच हाताला लागते. अशी पुंगळी चिमट्याने चेपूनच मोडीत टाकतात, म्हणजे ती पुन्हा कोणाच्या हातून भरली जात नाही.